कापसातलं गुरुत्वाकर्षण

भाव वाढेल या आशेवर बापूजींनी यंदाचा सगळा कापूस समोरच्या खोलीत पुरुषभर उंच भरला आणि घराची पार दैना झाली. शिलाई मशीन न्हाणीत गेली, देव टीव्हीवर बसले. बापूजींची बाज अंगणात गेली आणि मैनाबाईंचं अंथरूण चुलीपाशी. वर सगळ्यांच्या अंगाला खाज. शेवटी मैनाबाईंनी बॅग भरली.

"मी चालली बहिनीकडं, पांढरकवड्याले. कापूस इकला का फोन करा."

बायको गेल्यावर घर खायला उठतं, हे बापूजींना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी बॅगच लपवली. एसटीची वेळ झाली तशी शोधाशोध सुरू झाली.

"बॅग कुठी हाय?"

"मले काय मालूम?"

"मंग कापसाच्या गंजीवरून तो पट्टा कायचा लोंबून राह्यला?"

बापूजी निमूट गंजीवर चढले आणि मधोमध रुतले. सुटायला धडपडले तसे छातीपर्यंत खाली गेले. त्या खड्ड्यात बॅग घरंगळत आली, मागोमाग त्यांचा चष्माही.

भौतिकशास्त्र शिकणारी त्यांची मुलगी अर्पिता दारातून ओरडली, "आई, पाय! माह्या कॉलेजातल्या भाषणात हेच हाय! जगात सारं आपोआप इस्कटते, पन गुरुत्वाकर्षण त्याले एका जागी ओढून आनते."

"म्हंजे पसारा आवरते?"

"नाई ना! जवळ येता येता उष्णता निघते, ते दूर पसरते. म्हून एकूण पसारा वाढतेच. तारे असेच बनतात."

"माह्या घरात तारे नोको. अवो, बॅग फेका!"

"हात निघत नाई," बापूजी केविलवाणेपणानं म्हणाले.

मैनाबाईंनी पदर खोचला, चढल्या आणि बॅगेला हात घालताच घसरत नवऱ्याच्या खांद्यावर येऊन आदळल्या. मग सगळा राग निघाला. मशीन, देव, खाज, काही सुटलं नाही. बापूजी ऐकत राहिले. खरं तर त्यांना फार बरं वाटत होतं. हळूहळू मैनाबाईंचा आवाज उतरला आणि त्या नवऱ्याच्या मिशीतला कापूस वेचू लागल्या.

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला.

"आई, हात दे, चाल!"

"निघता येत नाई म्हून बसली मी. राग गेला नाई माहा," मैनाबाई म्हणाल्या. "तू चा ठेव."

एसटी निघून गेली. चहा आला आणि बापूजींनी खुशीत हात पुढे करून कप घेतला.

"हा हात तं मोकळा होता तुमचा!"

"तुयेबी दोन्ही मोकळेच हायत," बापूजी हळूच म्हणाले.

 मैनाबाईंनी बशी पुढे केली.