दुर्वाबाईचं दीड बाय एकचं दार

एका जंगलात, नाव विचारू नका, नाव सांगितलं की तिथली मंडळी भांडायला येतात, दुर्वाबाई नावाची एक सशीण राहत होती. करंजाच्या झाडाखाली तिचं बीळ होतं. बिळात तीन पिल्लं होती. नवरा नव्हता. तो कुठे गेला, असं तुम्ही विचारणारच. त्याच जंगलात एक तरसही राहत होता, एवढं सांगतो आणि पुढे जातो.

तर मुलांनो, नीट बसा. एकमेकांचे कान ओढायचे ते नंतर ओढा.

त्या जंगलात पूर्वापार फूट चालत असे. फूट म्हणजे पणजोबा वाघाच्या मागच्या पावलाची लांबी. पणजोबा गेले, पाऊल राहिलं. दरबारासमोरच्या खडकावर त्याचा ठसा होता. ज्याला काही मोजायचं असेल त्याने आपली काठी नेऊन त्या ठशाशी ताडून बघायची. इंचासाठी अस्वलाचा अंगठा होता. अस्वल जिवंत होतं, त्यामुळे थंडीत इंच जरा आकसायचा आणि मोहाच्या दिवसांत सुजायचा. पण कुणाचं काही अडत नव्हतं.

मग धाकटे महाराज गादीवर आले. ते एकदा नदीपलीकडच्या जंगलात सासुरवाडीला गेले आणि येताना मीटर घेऊन आले. सासुरवाडीचं सगळंच चांगलं असतं, हे तुम्हाला मोठेपणी कळेल.

“तिकडे सगळे मीटरने मोजतात,” महाराज भर दरबारात म्हणाले. “आणि तिकडचे वाघ बघा, कसे धष्टपुष्ट!”

ते वाघ मीटर खाऊन धष्टपुष्ट झाले का, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. दवंडी पिटली गेली. अंमलबजावणीसाठी वानरेसाहेब नावाच्या माकडाची मापनिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. ते झाडावरून झाडावर उड्या मारत, त्यामुळे अंतराचा त्यांना अनुभव होता.

जंगलाने मीटर आनंदाने स्वीकारला. म्हणजे सोयीचा तेवढा स्वीकारला. अजगर आपली लांबी फुटातच सांगत राहिला. अठरा म्हटलं की समोरचा दचकतो, साडेपाच म्हटलं की जांभई देतो. हत्तीण मात्र तिथल्या तिथे आपलं वजन टनात सांगायला लागली. चार म्हणजे काय हो, काहीच नाही! अस्वलाच्या पिल्लाचा ताप शंभराच्या पुढे गेला की घर रडायचं, आणि ऊन चाळिसाच्या पुढे गेलं की सगळं जंगल रडायचं. शंभर मोठे की चाळीस, असा प्रश्न कुणाला पडला नाही.

शिवाय त्या जंगलाला एक जुनी खोड होती. तिथे आकडा सांगत, माप सांगत नसत. पाच बाय तीन. आठ बाय चार. पाच काय आणि तीन काय, ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. विचारणारा अडाणी ठरायचा. तुमच्याही घरी असंच चालत असणार, बाबांना विचारून बघा.

आता दुर्वाबाईकडे येऊ.

तो तरस रोज दिवेलागणीला बिळाशी यायचा. मोठा गोडबोल्या होता.

“वहिनी, आहात का घरात?” असं विचारून तो तोंड आत घालायचा. खांदे अडकायचे. मग तो थोडी माती उकरायचा आणि हसत निघून जायचा. तरसाचं हसणं तुम्ही ऐकलं नसेल, ऐकूही नका. रोज त्याचं तोंड आदल्या दिवसापेक्षा जरा जास्त आत यायचं. दुर्वाबाई पिल्लांना पाठीशी घेऊन बिळाच्या टोकाला चिकटून बसायची. तिला भयंकर भीती वाटायची. नवरा गेला तेव्हा ती रडली होती, पण पिल्लं गेली तर आपण रडायलाही उरणार नाही, हे तिला कळत होतं.

शेवटी तिने दार करायचं ठरवलं. ती टोचणेमिस्त्रींकडे गेली. टोचणेमिस्त्री म्हणजे सुतारपक्षी. लाकडाचं त्यांच्याइतकं चोख काम पंचक्रोशीत कुणाचं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलेल्या दिवशी काम झाल्याचंही कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

“दीड बाय एकचं दार हवंय,” दुर्वाबाई म्हणाली.

“दीड बाय एक,” मिस्त्रींनी मान हलवली. “करतो.”

दोघांनाही सगळं समजलं होतं.

दार आलं ते दोन रेड्यांच्या पाठीवरून आलं. दुर्वाबाई बघतच राहिली. दार बिळासमोर उभं केलं तेव्हा बीळ दिसेनासं झालं. करंजाचा बुंधाही निम्मा झाकला गेला.

“अहो मिस्त्री, हे काय? मी दीड बाय एक सांगितलं होतं!”

“मग हे दीड बाय एकच आहे की, ताई. दीड मीटर उंच, एक मीटर रुंद. वाटल्यास मोजून घ्या.”

“मी फूट म्हणत होते!”

“तसं म्हणाला नाहीत,” मिस्त्री म्हणाले. “आकडा तुमचा, हुकूम महाराजांचा. मी मधल्यामध्ये चोच झिजवतो.”

“पण सशाच्या बिळाला कधी एवढं दार असतं का?”

“मलाही वाटलं जरा मोठं होतंय. पण म्हटलं, ताईंची काही हौस असेल.”

दुर्वाबाईने कपाळाला हात लावला. तेवढ्यात वानरेसाहेब करंजावरून खाली उतरले. कुठे तंटा झाला की ते बरोबर वरच्या फांदीवर असत. त्यांनी आपली मीटरची काठी काढली आणि दार आडवं मोजलं, उभं मोजलं, मग मागे सरकून डोळे बारीक करून पाहिलं.

“दार बिनचूक आहे,” ते म्हणाले.

“पण साहेब, ते बसत नाही.”

वानरेसाहेबांनी वाकून बीळ मोजलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

“बाई, तुमचं बीळ फुटात आहे.”

“ते माझ्या सासऱ्यांनी उकरलंय, साहेब.”

“कुणीही उकरलेलं असो. दार कायद्यात बसतं, बीळ बसत नाही. चूक बिळाची आहे. बीळ मोठं करावं लागेल.”

“आणि तरस?”

“तरस माझ्या खात्यात येत नाही,” वानरेसाहेब म्हणाले.

दुर्वाबाई खूप बोलली. हात जोडले, पाय आपटले. पण दुसऱ्याच दिवशी दोन रानडुकरं आली आणि त्यांनी सरकारी खर्चाने बीळ रुंद करून दिलं. काम इतकं झटपट झालं की सगळ्या जंगलाने तोंडात बोट घातलं. आता त्या बिळात सशीण जाऊ शकत होती, सशिणीची तीन पिल्लं जाऊ शकत होती, आणि मान ताठ ठेवून तरसही जाऊ शकत होता.

मिस्त्री दार बसवायला आले. दार बसवून झालं आणि त्यांनी कान खाजवला. मिस्त्री कान खाजवतो तेव्हा समजावं की काहीतरी झालंय.

“ताई, दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या,” ते म्हणाले. “वरची बिजागरी मी जुन्या सवयीने फुटात आखली होती. खालची हुकूम आठवल्यावर मीटरमध्ये आखली. त्यामुळे दार जरा कललंय. मोकळं सोडलं की धाडकन आपोआप लागतं. म्हणून हा दगड टेकवून ठेवत जा.”

“आणि दुसरी?”

“दाराला हा खैराचा खुंटा आहे ना? दार लागलं की तो चौकटीच्या या भोकात जातो. भोक नवीन गिरमिटाचं आहे, बारा मिलिमीटरचं. खुंटा जुन्या मालातला आहे, अर्ध्या इंचाचा. अर्धा इंच केसभर जाड भरतो. तेव्हा दार हळू लावायचं. जोरात लागलं आणि खुंटा आत ठोकला गेला, तर हत्ती आणला तरी उघडायचं नाही.”

“मग दुसरा खुंटा बसवा की!”

“बसवतो ना. उद्या येतो,” असं म्हणून मिस्त्री उडून गेले.

मिस्त्रींचा उद्या कसा असतो, ते तुमच्या आईला विचारा.

दुर्वाबाईने दार ढकलून पाहिलं. ते तिच्याने तसूभरही हललं नाही. दगड काढावा तर दार धाडकन लागून पिल्लांसकट ती आतच कोंडली जाणार, म्हणून दगड होता तिथे होता, दार उघडं होतं तसं सताड उघडं होतं. सूर्य कलायला लागला होता. पिल्लं नव्या दारापाशी लपंडाव खेळत होती. दुर्वाबाईला त्यांच्याकडे बघून रडू फुटलं. इतके दिवस निदान त्याचे खांदे तरी अडकत होते. आता सरकारने त्याच्यासाठी वाट करून दिली होती, आणि वर दार लावून तिची शोभा वाढवली होती.

रडता रडता तिची नजर खुंट्यावर गेली. मग चौकटीतल्या भोकावर गेली. मग दगडावर गेली. तिने डोळे पुसले.

“चला रे,” ती पिल्लांना म्हणाली, “आज आपण बाहेर झोपायचं.”

बिळाच्या वरच्या अंगाला करवंदीची जाळी होती. तिने पिल्लांना जाळीत बसवलं आणि तोंडातून अवाक्षर काढाल तर कान उपटीन अशी ताकीद दिली. सशांच्या घरात ही ताकीद फार मोठी असते. मग ती स्वतः दगडाच्या मागे गवतात दबून बसली. तिचं काळीज इतक्या जोरात उडत होतं की ते तरसाला ऐकू जाईल असं तिला वाटत होतं.

दिवेलागणीला तरस आला. दार बघून थबकला. चौकटीत उभा राहिला, तर वर हातभर जागा उरत होती. त्याला भरून आलं.

“वहिनी!” तो गहिवरून म्हणाला. “माझ्यासाठी एवढा त्रास का घेतलात?”

आणि खांदे न आकसता, डोकं न वाकवता, पाहुण्यासारखा तो आत गेला.

दुर्वाबाईने दगडाकडे पाठ केली आणि मागच्या दोन्ही पायांनी सगळा जीव एकवटून लाथ हाणली. दगड घरंगळला. दार कललं, वेग धरला आणि धाडकन लागलं. खैराचा खुंटा भोकात गेला तो गेलाच.

आतून आधी हसू ऐकू आलं. मग धक्के. मग पुन्हा धक्के. मग नखं खडकावर घासल्याचा आवाज, कारण रानडुकरांनी बीळ चारी बाजूंनी खडक लागेपर्यंत रुंद केलं होतं.

“वहिनी,” आतून आवाज आला, “दार अडकलंय बहुतेक.”

“मिस्त्री उद्या येणार आहेत, भावजी,” दुर्वाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल लोटलं. महाराज स्वतः आले. जुन्या मापाची मंडळी म्हणाली, हा अर्ध्या इंचाचा विजय आहे. नव्या मापाची मंडळी म्हणाली, हा बारा मिलिमीटरचा विजय आहे. दोन्हीकडून घोषणा झाल्या. एका हरणाने दबक्या आवाजात विचारलं, की दुर्वाबाईच्या लाथेचं काय? पण लाथेला माप नव्हतं, त्यामुळे तिची नोंद झाली नाही.

वानरेसाहेबांनी फटीतून काठी घालून तरसाची उंची मोजली, दाराची उंची मोजली आणि महाराजांच्या कानात काहीतरी सांगितलं. मग ते गर्दीकडे वळले.

“कायद्याने ज्याच्या मापाचं दार, त्याचं घर,” ते म्हणाले. “हे दार तरसाच्या मापाचं आहे. तेव्हा आजपासून हे घर तरसाचं. दुर्वाबाईंचा यावर काही हक्क नाही.”

गर्दीत कुजबुज झाली. हरणाने मान खाली घातली. सासऱ्यांनी उकरलेलं बीळ ते. सगळे दुर्वाबाईकडे बघायला लागले. आता ती धाय मोकलून रडेल, असं सगळ्यांना वाटलं.

दुर्वाबाईने दाराकडे पाहिलं. खुंट्याकडे पाहिलं. तो चौकटीत असा रुतला होता, की जणू तिथेच उगवला होता.

“मान्य आहे, साहेब,” ती म्हणाली. “घर त्यांचंच.” मग ती दारापाशी गेली आणि मोठ्याने म्हणाली, “अभिनंदन हो, भावजी! सुखाने राहा.”

पिल्लांना घेऊन ती टेकडीपलीकडे गेली आणि तिथे तिने नवं बीळ उकरलं. केवढं, असं कुणी विचारलं की ती पुढचे दोन पाय पसरून ‘एवढं’ म्हणते. दार काही तिने केलं नाही. आता त्याची गरज उरली नव्हती.

टोचणेमिस्त्री अजून उद्याच येणार आहेत.

तात्पर्य : सुधारणा अर्धवट झाली म्हणून कुरकुर करू नये. पुरी झाली असती, तर खुंटा निघाला असता.