घड्याळाचं वय आणि पदवीची किंमत

घरात काही निकाल द्यायचा असला की दादा आजोबांच्या खुर्चीत बसत. एरवी ते सोफ्यावर पाय पसरून पेपर वाचत. ती खुर्ची उंच पाठीची आणि काळ्याभोर लाकडाची होती. तिच्यात बसलं की माणूस आपोआप ताठ होई आणि त्याचं म्हणणं खरं वाटू लागे. त्या रविवारी सकाळी काका आत आले तेव्हा दादा खुर्चीत होते. आपल्याला नुसतं चहाला बोलावलेलं नाही, हे काकांनी ओळखलं.

काका म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. घरात त्यांना सनावळीकाका म्हणत. तरुणपणी त्यांनी इतिहासाची पदवी घेतली आणि पुढची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या मीटरचे आकडे उतरवून घेण्यात काढली. त्या आकड्यांत ना कुठली लढाई होती, ना कुठला तह. तेव्हापासून ती पदवी घरात म्हणीसारखी वापरली जाई. कुणी बिनकामाची वस्तू विकत आणली की वहिनी म्हणत, "आणलीत वाटतं इतिहासाची पदवी." काकाही हसत. मनातून त्यांना ते पटलेलंच होतं.

आता नेमकी तीच पदवी घ्यायची म्हणून दादांच्या मुलीनं धरणं धरलं होतं. कॉलेजचा अर्ज टेबलावर पडून होता. त्यात विषयाची जागा कोरी होती आणि दुसऱ्या दिवशी शेवटची मुदत होती. दादांचं रंगाचं दुकान होतं. मुलीनं हिशेबाचं शिक्षण घ्यावं आणि गल्ल्यावर बसावं, अशी त्यांची साधी इच्छा होती.

"तू फक्त खरं सांग तिला," दादा म्हणाले. "त्या पदवीनं तुला काय दिलं ते. माझं ऐकत नाही ती. तुझं ऐकेल."

काकांनी मान हलवली. खरं सांगायचं तर फार वेळ लागणार नव्हता. पण ही पोरगी लहानपणी त्यांच्या खोलीत येऊन पुस्तकांच्या ढिगावर बसायची आणि "मग पुढं काय झालं?" म्हणून जीव खायची. त्या खोलीत दुसरं कुणी कधी काही विचारायला आलं नव्हतं. तिची वाट आपल्याच तोंडानं बंद करायची, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

"आणि आणखी एक काम आहे," दादांनी आवाज खाली आणला. आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी विकायला काढलं होतं. गावाबाहेर जुन्या थाटाचं हॉटेल उघडणारे एक गृहस्थ ते बघायला येणार होते. घड्याळ शंभर वर्षांचं आहे असं कुणीतरी शिकल्या-सवरल्या माणसानं सांगितलं, तर चार पैसे जास्त सुटतील, असा दादांचा अंदाज होता.

काकांनी थोडा विचार केला. "म्हणजे तिला सांगायचं की पदवीला किंमत नाही, आणि त्यांना सांगायचं की आहे?"

"दोन्ही एकदम नाही सांगायचं. आधी ती, मग ते."

पण हॉटेलवाले वेळेआधीच आले, आणि पुतणीही त्याच क्षणी आतून बाहेर येऊन दाराला टेकून उभी राहिली. त्यामुळं दोन्ही कामं एकाच खोलीत येऊन पडली.

दादांनी ओळख करून दिली. भाऊ इतिहासाचा पदवीधर आहे, पहिल्या वर्गात आलेला. काका दुसऱ्या वर्गात आले होते, पण ते सांगायला त्यांना जागाच मिळाली नाही. उभा जन्म घरात चेष्टेवारी गेलेली पदवी दादांच्या तोंडी एकदम जरीकाठी झालेली बघून पुतणीनं भुवया उंचावल्या.

काका स्टुलावर चढले. घड्याळाची काच पाहिली, लाकूड पाहिलं, मागचे स्क्रू पाहिले. त्यांना काहीच कळलं नाही. त्यांचा अभ्यास जुन्या काळच्या शेतसाऱ्याचा. ते खाली उतरून म्हणाले, "मला नक्की सांगता येणार नाही."

दादांनी खोकून सूचना केली. पण हॉटेलवाले सोफ्यावर पुढं सरकून बसले. आतापर्यंत त्यांनी बरीच घरं पालथी घातली होती आणि जो तो न बघताच दीडशे-दोनशे वर्षं सांगून मोकळा होत होता. नक्की सांगता येणार नाही म्हणणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी आपण होऊन भाव वाढवला. दादांचा खोकला थांबला.

इथं काका गप्प बसले असते तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण वाढलेला भाव ऐकून त्यांचं मन त्यांना खाऊ लागलं. "एक बारीकशी गोष्ट आहे," ते म्हणाले. "म्हणजे माझीच चूक असेल. लहानपणी हे घड्याळ घोगरं वाजायचं. मग कधीतरी स्वच्छ वाजायला लागलं. मला वाटलं, आपलेच कान बदलले."

"कधीपासून स्वच्छ?" पुतणीनं विचारलं.

"दादाच्या लग्नानंतर कधीतरी. पण कानांचा काय भरवसा."

पुतणीनं क्षणभर घड्याळाकडं पाहिलं, मग स्वयंपाकघराकडं तोंड करून शांतपणे विचारलं, "आई, लग्न होऊन तू आलीस, तेव्हा या घड्याळाला काय झालं होतं?"

आतला भांड्यांचा आवाज बंद पडला. वहिनी हात पुसत दारात आल्या. आधी त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, मग पाहुण्यांकडं, आणि आता लपवण्यात अर्थ नाही हे बहुधा दोघांकडंही बघून ठरवलं.

"पडलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून. पुसताना."

नवी सून, घरचे सगळे बाहेर गेलेले, आणि सासरे तापट. वहिनी तुकडे पिशवीत भरून घड्याळजीकडं गेल्या. हे जुळणं शक्य नाही म्हणाला तो. मग त्याच्याच दुकानातलं तसंच दिसणारं एक घेऊन त्यांनी खिळ्याला लटकवलं. संध्याकाळी सासऱ्यांनी त्याला किल्ली दिली आणि सुनेला बजावलं, की हे आमच्या वडिलांचं आहे, जपून वापरत जा.

"मला सांगायचं नाहीस?" दादा म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी?"

सौदा मोडला हे उघड होतं. पण हॉटेलवाले उठले ते हसत. आजवर त्यांनी घेतलेल्या सामानानं त्यांचं अर्धं गोदाम भरलं होतं, आणि त्यातलं किती खरं नि किती या घड्याळाच्या जातीचं, या विचारानं त्यांना झोप लागत नव्हती. विकणाऱ्याला काय विचारायचं हे समजणारं कुणीतरी त्यांना सोबत हवं होतं. त्यांनी पाकिटातून एक नोट काढली, काकांच्या अंगावरून हात पुढं नेला आणि ती पुतणीच्या हातात ठेवली.

"आजची तुझी फी. पुढच्या रविवारी गोदामात ये. काकांनाही आण."

ते गेल्यावर पुतणीनं नोट टेबलावर, कोऱ्या अर्जाशेजारी ठेवली. आता निकाल काकांच्या हातात होता. दादांनी त्यांच्याकडं पाहिलं. "बोल बाबा. तुझाच विषय आहे."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पदवी कामाची आहे, एवढं म्हटलं की झालं होतं. पण त्यांच्या मते ते खरं नव्हतं.

"यावरून पदवीला किंमत आहे असं ठरत नाही," ते म्हणाले. "तिला फी मिळाली ती पदवी नसताना. मला पदवी आहे, घोगरा आवाजही मलाच आठवत होता, पण वहिनींना विचारायचं मला सुचलं नाही. खरं बघता हा पुरावा पदवीच्या विरुद्धच जातो." मग पुतणीकडं न बघता ते म्हणाले, "माफ कर, बाळ."

दादांनी पेन उचललं. इतका बिनतोड युक्तिवाद त्यांना स्वतःलाही सुचला नसता. ते अर्जावर वाकले आणि हिशेबाचा विषय लिहिण्यासाठी त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"बाबा," पुतणी म्हणाली, "काकांनी हे का सांगितलं?"

"खरं आहे म्हणून."

"त्यात त्यांचा काय फायदा होता?"

पेन हवेतच राहिलं. दादांच्या दुकानात आजवर कामाला कितीतरी माणसं येऊन गेली होती. डबा सांडला तर तो आधीच गळत होता, रंग चुकला तर गिऱ्हाइकानंच तसा सांगितला होता. स्वतःच्या तोट्याचं खरं बोलणारा माणूस जाहिरात देऊनही त्यांना मिळाला नव्हता. तो धाकट्या भावाच्या रूपानं त्यांच्यासमोर स्टुलावर बसून, आपण पोरीचं वाटोळं केलं या दुःखात, पुन्हा चष्मा काढून पुसत होता.

"असली माणसं तिथं तयार करतात?" दादांनी अर्जाकडं बोट करून विचारलं.

"सगळीच होतात असं नाही," काका घाईनं म्हणाले. "माझ्या वर्गातले बरेच जण…"

"तू आता गप्प बस," दादा म्हणाले आणि त्यांनी कोऱ्या जागेत इतिहास असं लिहिलं. अक्षर जरा रागावल्यासारखं आलं, पण वाचता येत होतं.

काकांचा विश्वासच बसेना. त्यांनी अर्ज जवळ घेऊन पुन्हा वाचून पाहिला. वहिनींनी चहा ठेवला. भिंतीवरचं घड्याळ स्वच्छ आवाजात वाजलं, आणि या वेळी सगळ्यांनीच मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

दादा खुर्चीत मागं टेकले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं, थोडं वाकून खालच्या बाजूला पाहिलं आणि वर बघितलं, तर मुलगीही त्या खुर्चीकडंच बघत होती. तिनं हळूच आईकडं मान वळवली. वहिनी कपाकडं बघू लागल्या.

"आई…"

"आज नको," दादा म्हणाले. "आधी तुझी फी भरू दे."