लांबत चाललेला हॉल

आम्ही नवराबायकोंनी अबोला धरल्यापासून आमचा हॉल रोज दहा-बारा फरशांनी लांबतो. याला आता आठ महिने झाले. बाहेरचं दार आणि माझा दिवाण एका टोकाला, स्वयंपाकघर आणि मृदुला दुसऱ्या टोकाला. ती मला दिसत नाही. फोडणीचा वास येतो, तोही उशिरा.

सोसायटीचे सेक्रेटरी सामंत टेप घेऊन आले होते. टेप संपली तसे परत फिरले.

"इमारत बाहेरून तेवढीच आहे ना? मग आमची हरकत नाही," ते म्हणाले. "मुलगी मात्र गुणी हो तुमची. आवाज म्हणून नाही."

मुलगी म्हणजे रेवा, अडीच वर्षांची. आमचे निरोप तीच नेते-आणते. सकाळी दूध पिऊन आईकडून निघाली की माझ्यापर्यंत पोचायला तिला दुपार होते. वाटेत पडली तर आधी दोन्हीकडे बघते. कोणी दिसत नाही, मग रडत नाही. गुडघे झाडते आणि चालू लागते. हे मी दुर्बिणीतून पाहिलंय. पण निरोप तर पोचायला हवेत.

गेल्या सोमवारी ती आली, "आई..." म्हणाली आणि फ्रॉकचं टोक चघळू लागली.

"काय म्हणाली आई?"

"विसलले."

"रागावून म्हणाली, की जवळ घेऊन?"

रेवाने विचार केला. "जवळ घेऊन. मोठ्ठं होतं."

आठ महिन्यांत असं पहिल्यांदाच घडत होतं. "आईला म्हणावं, परत सांग," असं घोकून घेऊन मी तिला लगेच माघारी पाठवलं. ती मंगळवारी आली नाही, बुधवारीही नाही. गुरुवारी मीच निघालो.

हॉलच्या मधोमध रेवा भेटली. उशी, पाण्याची बाटली, भातुकली. तिने तिथेच संसार मांडला होता. चुलीपाशी एक बाहुली होती.

"ही आई," ती म्हणाली.

"आणि बाबा?"

तिने लांबवर बोट दाखवलं. मी डोळे बारीक करून पाहिलं, पण बाहुला काही दिसला नाही.

"रेवा, आई आली होती का गं इथे?"

"काल आली. तुला शोधत होती."

"मग?"

"घली पाठवली."

तिने कढई खाली ठेवली, माझं बोट धरून मला उठवलं आणि माझ्या टोकाकडे वळवलं.

"बाबा, घली जा."

मी निघालो.