वर्गणीदार पारबताबाई

पारबताबाईंना एकही अक्षर ओळखू येत नव्हतं, आणि आमच्या गावच्या वाचनालयाच्या त्या सगळ्यात कडक वर्गणीदार होत्या.

सत्तरच्या दशकात मी त्या गावात शाळामास्तर म्हणून गेलो. मालेगावहून वाशीमच्या रस्त्याला लागलं की फाट्यावर उतरायचं आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरांमधून चालत आत जायचं, असं ते गाव. पहिल्याच दिवशी शाळा सुटल्यावर वेळ जाईना, म्हणून वाचनालय शोधत गेलो. ओट्यावर दहाबारा माणसं बसलेली. त्यात एकच बाई, हडकुळी, उंच, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. मी जागा बघून टेकणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मास्तर तुमीच काय नवे?"

"हो."

"वर्गणी भरली काय?"

"उद्या भरतो."

"मंग उद्या बसा."

कुणी हसलं नाही. मी उभा राहिलो. पूर्ण वाचन उभ्यानं ऐकलं.

हो, वाचन. हेच त्या वाचनालयाचं वैशिष्ट्य होतं. दिवेलागणीच्या आधी हबीबभाई ओट्यावर बसून त्या दिवसाचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचे. हबीबभाई मूळचे पुस्तकं बांधणारे; वाचनालयाचं कपाट, झाडू आणि किल्ली तेच सांभाळायचे. आवाज असा की बातमी कापसाच्या भावाची असली तरी काहीतरी मोठं घडलंय असं वाटावं. गावात वाचता येणारे कमी आणि ऐकायची हौस असणारे जास्त, त्यामुळे अर्ध्याहून अधिक वर्गणीदार त्या वाचनासाठीच वर्गणी भरायचे. पारबताबाई त्यांच्या म्होरक्या.

ऐकायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. बातमी म्हणजे शेजारच्या घरची भानगड असल्यासारखी त्या ऐकायच्या. कलकत्त्याला एका सावकाराच्या घरी चोरी झाली, असं हबीबभाईंनी वाचलं की त्या लगेच विचारणार, "घरात कोनी नव्हतं काय?"

"तसं लिवलं नाही बाई."

"चोर सापडला?"

"तपास चालू हाय म्हनते."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या आल्या विचारायच्या, "हबीब, त्या चोराचं काय झालं?" हबीबभाई पान उलटून बघायचे. चोराचा पत्ता नसायचा. "अखबारवाल्यानं सोडून देल्लं बाई," ते खजील होऊन सांगायचे, जणू चोर त्यांच्याच हातून सुटला होता.

"वर्गणी पुरी घेता अन् बातमी अर्धी देता," पारबताबाई म्हणायच्या. "मी वर्गणीदार हाओ. फुकट नाही आयकून राह्यली."

त्या वर्गणीला इतिहास होता. धर्मांतरानंतर त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, त्यांच्या वस्तीतून पहिली वर्गणी भरली होती. त्याआधी त्यांच्या माणसांना ओट्याखाली उभं राहायला लागायचं. मालकांनी पैसे पुढे केले आणि अट घातली, की आमाले वाचता येत नाही, तुमी वाचून दाखवाल तं भरतो. त्या वेळच्या चिटणीसांनी अट मान्य केली, आणि तेव्हापासून वाचन सुरू झालं. मालक वारले, पण पारबताबाईंनी वर्गणी कधी चुकवली नाही. निंदणाच्या दिवसांत त्या वावरातून थेट ओट्यावर यायच्या, हातापायाला माती तशीच.

मग चिटणीस बदलले. वामनराव आले. वाशीमच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, सज्जन, शिस्तीचे. त्यांनी कपाटाला रंग दिला, पुस्तकांना क्रमांक दिले, भिंतीवर नियम लावले, आणि कुणातरी देणगीदाराकडून एक रेडिओ मिळवला. रेडिओ आला त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "उद्यापासून वाचन बंद. आतल्या वाचकांना त्या आवाजाचा त्रास होतो. बातम्या आता रेडिओ सांगेल. थेट, ताज्या."

ओट्यावर कुजबुज झाली आणि विरली. रेडिओ दिसायला देखणा होता. पारबताबाईंनी तेवढं म्हटलं, "आयकून पायतो."

दुसऱ्या दिवशी त्या रेडिओच्या अगदी समोर जाऊन बसल्या. बातम्या लागल्या. निवेदकानं सांगितलं की विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता आहे.

"कोन्या ठिकानी?" पारबताबाईंनी विचारलं.

निवेदक परराष्ट्रमंत्र्यांच्या दौऱ्याकडे वळला.

"थांब जरासा. पावसाचं पुरं सांग."

"बाई, रेडिओला प्रश्न विचारायचा नसतो," वामनराव आतून म्हणाले.

"काहून?"

"त्याला ऐकू येत नाही."

पारबताबाईंनी रेडिओकडे बराच वेळ पाहिलं. "ज्याले आयकू येत नाही तो मले काय आयकवते," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

गावाला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. वर्तमानपत्र सकाळच्या एसटीनं फाट्यावर यायचं, तिथून सायकलवर गावात. दोन दिवसांनी सकाळी सायकल आली तेव्हा पारबताबाई वाचनालयाच्या दारात उभ्या. त्यांनी अंक घेतला, खिडकीपाशी जाऊन बसल्या, कमरेच्या पिशवीतून मालकांचा जुना चष्मा काढला आणि नाकावर चढवला. त्याची एक काच नव्हती. मग त्यांनी अंक उघडून तोंडासमोर धरला.

दुपार झाली. अंक तोंडासमोर.

कापसाचा भाव बघायला आलेले दोघेजण ताटकळत उभे. एकानं धीर करून म्हटलं, "बाई, उलटा हाय पेपर."

"वाचनारी मी, तरास तुले कायचा?"

"झालं का वाचून?"

"चालू हाय."

वामनराव रोज दुपारी जेवून, पान खाऊन अग्रलेख वाचायला यायचे. ते आले, त्यांनी पाहिलं आणि हात पुढे केला. पारबताबाईंनी बोटानं भिंतीकडे दाखवलं. भिंतीवर वामनरावांच्याच वळणदार अक्षरात नियम होता: एका वाचकाचे वाचन पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याने अंक मागू नये. हबीबभाईंनी तो त्यांना कधीतरी वाचून दाखवला असणार.

"पण तुम्हाला वाचता येत नाही," वामनराव म्हणाले.

"म्हनून तं उशीर लागते."

संध्याकाळी कुलूप लावायच्या वेळी त्यांनी अंक घडी घालून परत दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. गाव आधी हसलं, मग चिडलं, मग तिकडं बघायला येऊ लागलं. वामनरावांनी त्यांना वर्गणी परत देऊ केली. त्या म्हणाल्या, "वर्गणी नोको. वाचन वापस द्या." वामनरावांनी त्यांना अक्षरं शिकवायची तयारी दाखवली, आणि ती मनापासून दाखवली, माणूस हाडाचा शिक्षक होता. पारबताबाईंनी विचार केला. "शिकतो," त्या म्हणाल्या, "पन शिकून होयेपर्यंत पेपर माह्यापाशीच राहीन."

शेवटी एका रविवारी वामनरावांनी मला बोलावलं. "तुम्ही त्यांच्या बोळात राहता. तुमचं ऐकतील. सांगा जरा."

माझं ऐकतील असं मला वाटत नव्हतं. उद्या बसा म्हणणारी बाई ती. तरी संध्याकाळी वाचनालयाला कुलूप लागल्यावर गेलो.

त्यांचं घर बोळाच्या तोंडाशी होतं. एकच घर, मध्ये पऱ्हाट्यांचा कूड, म्हणजे कापसाच्या वाळल्या काटक्यांची भिंत, घालून दोन केलेलं. अलीकडं पारबताबाई, एक बकरी, भिंतीवर बुद्धाचा फोटो. मी दाराशी पोचलो तेव्हा त्या बकरीला पाला घालत होत्या आणि तिच्याशी बोलत होत्या. चांगल्या मोठ्यानं बोलत होत्या.

"तिकडं एका देशात," त्या बकरीला सांगत होत्या, "राजानं मंत्र्याले हाकललं. मंत्री म्हने, मी जातो पन हत्ती घेऊन जातो. हत्ती म्हंजे राजाचा जीव की प्रान. मंग राजा रात्रभर रडून राह्यला."

मी त्या दिवसांतला प्रत्येक अंक वाचत होतो, त्यांच्याकडून कुलपाच्या वेळी सुटला की. असा राजा त्यात नव्हता. हत्ती तर नव्हताच.

मला पाहून त्या थांबल्या. "या मास्तर. बसा."

मी वामनरावांचा निरोप सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि बकरीपुढे आणखी पाला टाकला. मग मी न राहवून विचारलं, "हा हत्ती कुठल्या पेपरात आला?"

त्यांनी कुडाकडे पाहिलं आणि मला हातानं बाहेर यायची खूण केली. बाहेर निंबाखाली उभं राहून, एरवी सगळ्या गावाला ऐकू जाणारा आवाज अगदी खाली आणून त्या बोलल्या.

"कुडाच्या तिकून राह्यते माह्यी जाऊ. काशी. कंबर मोडली तवापासून उठत नाही. तिचा पोरगा अन् सून वावरात जाते. दिवसभर एकटी."

"मग तिच्याशीच का नाही बोलत?"

"बोलचाल नाही आमची. तिच्या मालकानं जोडीतला बैल मले न इचारता इकला. मी दोन शब्द बोलली, ते चार बोलली. मंग कूड घातला. आता बैल नाही, मालक नाही. कूड राह्यला."

"आणि बकरी?"

"मी काशीले काही सांगत नाही मास्तर. बकरीले सांगतो. हबीब जे वाचे ते येऊन सारं सांगो. तिकडून खोकला बंद होये, तं समजे आयकून राह्यली म्हनून. वाचन बंद झालं तवा दोन दिवस मी काही बोलली नाही. तं तिनं जेवन कमी केलं, सून सांगे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मंग पेपर घेऊन बसतो अन् फोटो पायतो. ज्याचा फोटो त्याची बातमी मनानंच करतो. पन मले काय येते? रोज कोठून आनू? खोटं पकडन काशी एक दिवस."

मी वामनरावांकडे गेलो आणि एवढंच सांगितलं, "ऐकणार नाहीत." बाकीचं त्यांच्या घरचं होतं.

वामनरावांनी सभा बोलावली. त्यांना नियम बदलून घ्यायचा होता, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याला अंक देऊ नये. ओटा भरला. वामनरावांनी मुद्देसूद सांगितलं: शांतता हवी, रेडिओ आहे, काळ बदलला. बरोबरच होतं त्यांचं. माणसांनी माना डोलावल्या.

मग पारबताबाई उठल्या.

"तुमी पाटी लावली, शांतता राखा. माह्या सासऱ्यानं या ओट्याखाली उभं राहून शांतताच राखली. त्याच्या बापानं बी राखली. माह्या मालकानं वर्गणी भरली ते शांतता इकत घ्याले नाही भरली. ते त्याले घरी फुकट भेटत होती. वाचन देतो म्हनून तुमी वर्गणी घेतली. आता म्हनता वाचन नाही, हा डबा आयका. देल्लेली गोष्ट वापस कशी घेता? तुमाले जे नवं आनाचं ते आना, आमचं काढून नोको."

मग कापसाचा भाव बघायला येणारा एक शेतकरी म्हणाला, "सर, खरं सांगू काय, मले बी रेडिओचं समजत नाही. लय पयते तो, थांबतच नाही." दुसरा म्हणाला, हबीबभाई मध्ये मध्ये सांगत ते बरं होतं. पारबताबाईंवर आठवडाभर दात खाऊन असलेली माणसं एकेक करून त्यांच्या बाजूला सरकली. हबीबभाई दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत उभे होते. रेडिओ आल्यापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

वामनरावांनी चष्मा काढून पुसला. त्यांना राग आला असेल असं मला वाटलं. पण शिक्षकाला कधी कधी वर्गातूनच उत्तर मिळतं, तसं त्यांचं झालं असावं. "आतल्या वाचकांनी सकाळी वाचावं," ते म्हणाले. "संध्याकाळी हबीबभाई वाचतील. माझ्यासाठी अग्रलेख तेवढा शेवटी ठेवा, मीही ऐकतो."

पारबताबाईंनी कसलाही विजय दाखवला नाही. "वाच हबीब," त्या म्हणाल्या आणि आपल्या जागेवर बसल्या. त्या दिवशी हबीबभाईंनी जाहिरातीसुद्धा वाचल्या.

परतताना आम्ही बरोबरच निघालो. त्या भराभर चालत होत्या, ओठांतल्या ओठांत बातम्या घोळवत. घराशी पोचताच त्यांनी कंदील लावला, बकरीसमोर बसल्या आणि सुरुवात केली. मी दाराशी थांबलो, थांबायला नको होतं तरी थांबलो. नागपूरला कसली परिषद झाली. एका पुलाचं उद्घाटन झालं. साखरेचं नवं धोरण. सगळं खरं, एक शब्द पदरचा नाही. पारबताबाई अभिमानानं सांगत होत्या.

कुडापलीकडून खोकला आला. मग पुन्हा आला. पारबताबाईंचा आवाज डगमगला. त्यांनी धोरण पहिल्यापासून सांगितलं.

"पारबते."

आवाज घोगरा होता, पुष्कळ दिवस न वापरल्यासारखा. पारबताबाईंच्या हातातला पाला तसाच राहिला.

"हे काय लावलं वं आज," कुडापलीकडून काशीबाई म्हणाल्या. "याच्यापरीस तुह्यं मनचं बरं होतं."

पारबताबाई कुडाकडे सरकल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "तुले समजत होतं?"

"पयल्या दिवशीच समजलं. हत्ती काय कोनी बगलेत मारून नेते?"

आणि ती म्हातारी हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, तो थांबेना.

पारबताबाई उठल्या. मी चपला हातात घेऊन बोळात उतरलो. चार पावलं जाऊन वळून पाहिलं तर दारात अंधार होता. कंदील कुडाच्या पलीकडे गेला होता, आणि पऱ्हाट्यांच्या फटींमधून उजेड तिकडून इकडे येत होता.