रडक्या डिटेक्टिव्हची शेवटची केस

थोरला भाऊ जाऊन दुसरा दिवस उजाडला, तरी धाकट्याला धड रडता येईना. डोळ्यांत पाणी नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. तेच तर त्याचं भांडवल. टीव्हीवर त्याची एक मालिका येऊन गेली होती, 'ओला पुरावा'. त्यात तो डिटेक्टिव्ह होता. हा डिटेक्टिव्ह ना ठसे घ्यायचा, ना कुणाच्या मागे धावायचा. प्रेताशेजारी बसून ढसाढसा रडायचा, आणि ते बघून खुनी इतका कासावीस व्हायचा की आपणहून गुन्हा कबूल करायचा. धाकटा ग्लिसरीनशिवाय रडायचा. पण प्रेक्षकांच्या तक्रारी येताहेत म्हणून चॅनलने दीड महिन्यात मालिकेचा गाशा गुंडाळला. पुढे त्याला कुणी काम दिलं नाही.

तेही त्याने पचवलं असतं. पण दादा त्या मालिकेबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. बरी नाही, वाईट नाही, काही म्हणजे काही नाही. विषय निघाला की पाणी प्यायला उठून जायचा. एकदा विचारून टाकू, म्हणत धाकट्याने काही वर्षं काढली, आणि आता विचारायला माणूसच उरला नव्हता.

दादाच्या खुर्चीकडे लक्ष गेलं आणि त्याला हुंदका फुटला. खोलीतली कुजबुज थांबली. भेटायला आलेली माणसं सरसावून बसली. मावशी शेजारणीला म्हणाली, बघ, तस्साच रडतो, अगदी टीव्हीतल्यासारखा. बिचारा ओशाळला आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेला.

मागोमाग खालच्या मजल्यावरचा शेजारी आला. थोडा वेळ त्याचं रडणं बघितलं आणि म्हणाला, दादांच्या स्कूटरला ओरखडा काढला तो मीच, नाव मात्र दूधवाल्याचं पुढे केलं. धाकटा गॅलरीत पळाला, तर तिथे चुलतभाऊ. दादाचं ड्रिल मशीन हरवलं नव्हतं, माझ्याच कपाटात आहे, असं सांगून तो मोकळा झाला. मग मावशीलाही राहवेना. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा त्यांच्या पहिल्या स्वयंपाकात मूठभर मीठ जास्तीचं टाकणारी तीच होती म्हणे. माणूस गेल्याचं दुःख राहिलं बाजूला, घराचं पोलीस ठाणं झालं. सख्ख्या भावासाठी रडायचं तेवढंही आपल्या नशिबात नाही, या विचाराने धाकट्याचा जीव आणखी तुटला. त्याने आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

थोड्या वेळाने दार ढकलून वहिनी आत आल्या.

"भाऊजी, मलाही एक सांगायचंय."

"वहिनी, निदान तुम्ही तरी नको."

वहिनी पलंगाच्या कडेला टेकल्या. "तुमची मालिका ह्यांनी कधी पुरी बघितलीच नाही. तुम्ही रडायला लागलात की ह्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. टीव्ही बंद करायचे. मी म्हणायचे, अहो, नाटक आहे ते. तर म्हणायचे, तो लहानपणापासून असाच रडतो, मला नको शिकवूस."

म्हणजे दादाला मालिका वाईट वाटली नव्हती. त्याला बघवतच नव्हती.

"आणि ते तक्रारीचे फोन," वहिनी दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "ते सगळे ह्यांचेच. रोज ऑफिसातून आले की फोन घेऊन बसायचे. कधी म्हाताऱ्याचा आवाज काढायचे, कधी बाईचा. बाईचा काही जमेना, म्हणून तो मी काढायचे."

धाकट्याने आ वासला. ज्या प्रेक्षकांना तो इतकी वर्षं शिव्या घालत होता, ते याच घरात राहत होते.

"काय सांगायचा दादा फोनवर?"

"आवाज दरवेळी निराळा, पण वाक्य एकच. त्या पोराला रडवू नका, घरी त्याचा मोठा भाऊ बघत असतो."

धाकट्याला एकदम हसू फुटलं. तोंड दाबलं तरी आवरेना, खांदे गदगदा हलायला लागले, वहिनींनाही लागण झाली. दाराबाहेर ताटकळलेल्या मंडळींना वाटलं, आता मात्र हा खरंच रडतोय, आणि एकेक जण चपला घालून गुपचूप घरी गेला.