बाबांची हजेरीवही

घरून काम करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी ऑफिसात छातीठोकपणे सांगितलं होतं. कंपनीने भाड्याचा एक मजला सोडला होता, लांबून येणारी दोन हुशार माणसंही सोडून गेली होती. म्हणून साहेबांनी टूम काढली: महिनाभर घरून काम करा, जमलं तर कायम, नाहीतर सगळे परत. मला ते कायम व्हायलाच हवं होतं. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तिला दिवसातून तीनदा धरून चालवायला घरात मीच. बाबांचे गुडघे त्यांचं स्वतःचंच ऐकत नव्हते.

बाबा निवृत्त हेडक्लार्क. छत्तीस वर्षं लोकांच्या हजेऱ्या मांडलेला माणूस. मी पायजम्यात लॅपटॉप उघडलेला पाहून त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"साहेब कुठायत?"

"ऑफिसात."

"मग तुझ्यावर लक्ष कोण ठेवतं?"

"कोणी नाही. विश्वासावर चालतं."

"अशानं कंपनी बुडेल," म्हणाले, आणि वही घेऊन माझ्या पाठीमागे खुर्ची टाकून बसले.

रोज नऊला सही. चार मिनिटं उशीर झाला की लाल शेरा. चहाला उठलो की नोंद. म्हटलं, असू दे, तेवढाच विरंगुळा. महिना संपता संपता कळलं, शेजाऱ्याकरवी त्यांनी ती सगळी पानं साहेबांना मेल केली होती!

"प्रामाणिक माणसाला कसली भीती?" म्हणाले.

मी घाईघाईने वही उघडली. 'मंगळवार, २.१० ते २.५५, बसल्या जागी झोप. घोरणे मध्यम.' त्या वेळी मी साहेबांच्याच मीटिंगमध्ये होतो, कॅमेरा बंद करून.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला.

"सर, ती झोप..."

"त्या मीटिंगमध्ये मलाही पेंग येत होती. पुढचं वाचलं मी. 'आईस चालविणे, वीस मिनिटे. भरपाई सायंकाळी केली.' रोज आहे ते. ऑफिसात तुम्ही साडेपाचलाच बॅग भरून बसायचात." मग म्हणाले, "तुमचं घरून काम कायम. आईंना जपा."

मी फोन ठेवला. धावत जाऊन बाबांना मिठी मारली.

"बाबा, तुमचे उपकार कसे फेडू?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"सहानंतर फेड. आत्ता ऑफिसची वेळ आहे."