बॉबिन हो म्हणते

"मी येते," बॉबिन म्हणाली.

दातांच्या दवाखान्यात अशी शांतता पसरली, की कोपऱ्यातल्या बेसिनचा गळका नळ ऐकू यायला लागला. संध्याकाळी शेवटचा पेशंट गाल धरून गेला की चौघी मैत्रिणी तिथेच जमायच्या. डॉक्टरीण आपल्या गोल स्टुलावर, वकीलबाई पेशंटच्या आडव्या खुर्चीत पाय पसरून, कॅप्टन खिडकीच्या कट्ट्यावर, आणि बॉबिन दाराला लागून. काही झालंच तर आधी बाहेर पडता यावं म्हणून.

"कुठे येतेस?" कॅप्टनने विचारलं.

"तुम्ही म्हणताय तिथेच. पाण्याखालच्या गुहेत."

"अगं, पाठीवर हवेचं नळकांडं बांधून बुडी मारायची असते. वर दगडाचं छत. मधेच डोकं वर काढता येत नाही."

"ऐकलं मी. येते."

कॅप्टन शाळेत खेळ शिकवायची. लहानपणी ती वर्गाच्या संघाची कॅप्टन होती आणि ते नाव तिला जे चिकटलं ते चिकटलंच. तिचा नवरासुद्धा चारचौघांत तिला तेच म्हणायचा. बॉबिनला नाव पडलं ते मात्र पुढे, तिने दोरे-बटणांचं दुकान काढल्यावर. शिवणयंत्रातल्या बॉबिनसारखीच बुटकी, गोल, आणि घाबरली की जागच्या जागी गरगरणारी. आणि ती घाबरायची कशाला नाही? लिफ्टला घाबरायची. कुकरच्या शिट्टीला घाबरायची, आणि शिट्टी झाली नाही तर त्याहून जास्त. गिझर लावला की बाथरूमच्या बाहेर उभी राहायची.

त्यामुळे चौघींची सहल दरवर्षी एकाच वळणाने जायची. कॅप्टन काहीतरी भयंकर सुचवायची. आकाशात फुग्यातून फिरायचं, नाहीतर बर्फाच्या डोंगरावर चढायचं. वकीलबाई आणि डॉक्टरीण टाळ्या वाजवायच्या. बॉबिन म्हणायची, "मला नाही बाई जमणार." मग तिघी मोठा उसासा टाकायच्या आणि चौघी मिळून कुठल्यातरी तळ्याकाठच्या विश्रामगृहात जाऊन पत्ते खेळायच्या. ते दिवस फार सुखाचे होते. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या असायच्या, गाद्यांना उन्हाचा वास यायचा आणि वकीलबाई पत्त्यांत राजरोस लबाडी करायची.

पण मागच्या महिन्यात कॅप्टनचा नवरा दुकानात बटणं घ्यायला आला आणि हसत हसत म्हणाला, "आमच्या हिला जग बघायचं होतं हो. पण तुम्ही पडलात तिच्या गळ्यात!"

तो बटणं घेऊन गेला. बॉबिनच्या मनातून मात्र ते वाक्य गेलं नाही. आपण धोंड आहोत. एक दिवस या तिघी आपल्याला न विचारताच जातील, परत येऊन फोटो दाखवतील, आणि मग हळूहळू दवाखान्यात जमायचंही बंद होईल. पाण्याखालच्या गुहेची तिला भीती वाटत होतीच. पण मग मैत्रिणी नसलेल्या संध्याकाळीही तिच्या डोळ्यांपुढे आल्या. दोन भीत्यांमधली मोठी कोणती हे तिने पाहिलं आणि हो म्हणून टाकलं.

घरी नवऱ्याने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "तू? बुडी? पावसाचं डबकं दिसलं तर रस्ता बदलतेस तू!"

"अहो, मास्तर असतो बरोबर."

"तोही घाबरेल."

शिकवणी गावातल्या तलावात झाली. पोहता चौघींना लहानपणापासून येत होतं. नळीतून श्वास घ्यायचा, खुणांनी बोलायचं, दोरा धरून डोळे मिटून चालत्या मुंगीसारखं पुढे सरकायचं, हे सगळं बॉबिन इतकं मन लावून शिकली की तिथला शिक्षक म्हणाला, "या बाई अजिबात चूक करत नाहीत." चूक करायला धीर लागतो, तो तिच्याकडे नव्हता.

मग तो दिवस उजाडला. गुहेची जागा दमट आणि हिरवी होती, झाडांच्या मुळ्या खडकातून खाली पाण्यापर्यंत लोंबत होत्या. एका मोठ्या खड्ड्यात लाकडी जिना उतरत गेला होता आणि तळाशी गोडं पाणी होतं, निळं आणि काचेसारखं. एका बाजूला ते पाणी खडकाच्या खाली शिरलं होतं. तिथे काळोख होता. वरून चुनखडीचे सुळके खाली आले होते, खालून वर गेले होते.

"जबडाच आहे हा," डॉक्टरीण म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "आणि आयुष्यात एकदाही साफ केलेला नाही."

तिथल्या पाणमास्तराने सगळ्यांची नळकांडी तपासली आणि हातातलं रीळ उंच धरलं. त्यावर पांढरा दोरा होता.

"ताई, नीट ऐका. दोऱ्याचं टोक मी तोंडाशी खडकाला बांधणार आणि रीळ सोडत पुढे जाणार. मध्ये मध्ये सुळक्यांना वेढा देईन. तळाला गाळ आहे, पाय लागला तर ढग उठतो आणि स्वतःचा हात दिसत नाही. तसं झालं तर एकच काम. दोरा धरायचा आणि त्याच्यामागून बाहेर यायचं. दोरा आहे तोवर घर आहे. कळलं?"

"कळलं," चौघी म्हणाल्या. बॉबिनला तर सगळ्यांत जास्त कळलं होतं.

पाणमास्तर पुढे, त्याच्यामागे कॅप्टन, मग वकीलबाई, मग डॉक्टरीण. बॉबिन शेवटी. तिनेच ती जागा मागितली होती, दाराला लागून.

पाण्याखाली गेल्यावर तिला पहिली गोष्ट ऐकू आली ती स्वतःचा श्वास. घर्र आत, बुडबुड बाहेर. एवढा मोठा आवाज आपल्यातून येतो? समोर तिन्ही मैत्रिणींच्या टॉर्चचे झोत खडकावरून फिरत होते आणि सुळक्यांच्या सावल्या भिंतीवरून अंगावर धावून आल्यासारख्या सरकत होत्या. छत खाली आलं. मागचा उजेड हिरवा झाला. आता परत फिरावं, असं तिचं सगळं अंग ओरडत होतं. पण परत फिरली असती तर धोंड ठरली असती. ती तशीच पुढे सरकत राहिली. टॉर्च मनगटाला बांधलेला होता. हात मोकळे होते.

ती घाबरली की तिच्या हातांना काम लागायचं. दुकानात उधारीवर माल देणाऱ्याचा फोन आला तरी ती बोलता बोलता गल्ल्यावरचा सुटा दोरा उचलून अंगठ्यावरून करंगळीवर, करंगळीवरून अंगठ्यावर अशी सुबक लडी करून टाकायची. सैल दोरा नुसता पडलेला तिला बघवायचा नाही. तिच्या दुकानातल्या एकाही रिळाचं टोक कधी लोंबताना कुणी पाहिलं नव्हतं.

आता गुहेच्या तोंडाशी खडकाला बांधलेला दोरा तिच्या गालाला लागला. सैल होता. गाठ साधीच होती, ओढली की सुटणारी. बॉबिनची नजर पुढे होती, श्वासाकडे होती, छताकडे होती. हातांकडे नव्हती. हातांनी गाठ सोडवली.

आणि मग ते आपलं काम करत राहिले. अंगठा, करंगळी, अंगठा, करंगळी. पहिल्या सुळक्याचा वेढा आला, तो सोडवला. दुसऱ्याचा आला, तोही. एका ठिकाणी पीळ पडला होता, तो तिने अगदी हलक्या हाताने काढला. तिला जरा बरं वाटायला लागलं होतं. पाणमास्तर मधूनच मागे वळून टॉर्चने गोल काढत विचारायचा, ठीक? बॉबिनही टॉर्च गोल फिरवायची. ठीक.

तेवढ्यात पुढे कॅप्टनचा पाय तळाला लागला.

गाळ उठला तो ढगासारखा नाही, भिंतीसारखा आला. वकीलबाई गेली, डॉक्टरीण गेली, मग टॉर्चचा झोत गेला, मग टॉर्च बांधलेला हातही गेला. दूध घातलेल्या चहात टाकल्यासारखं सगळं एकरंगी झालं आणि मग काळं. बॉबिनच्या कानात फक्त घर्र, बुडबुड. घर्र, बुडबुड. बुडबुड फार लवकर लवकर होऊ लागली.

दोरा धरायचा, तिला आठवलं. दोरा आहे तोवर घर आहे. हातात दोरा होताच. तिने तो घट्ट धरला आणि देवाचे आभार मानले. मग दुसऱ्या हाताने मागचं टोक चाचपायला गेली, जे बाहेर जातं ते. ते सापडेना. तिने बोटांनी पुन्हा पाहिलं. एक टोक मैत्रिणींकडे जात होतं. दुसरं टोक तिच्या करंगळीवर होतं, छान खोचून ठेवलेलं.

पाण्याखाली घाम फुटतो. तिला फुटला.

तिकडे तिघी शिकवल्याप्रमाणे वागल्या. दोरा पकडला, वळल्या, आणि एकीमागून एक त्याच्यामागून बाहेर यायला लागल्या. पहिली डॉक्टरीण येऊन बॉबिनवर आदळली. तिच्यावर वकीलबाई. कॅप्टन या दोघींना ओलांडून पुढे सरकली, कारण दोरा आणखी पुढे जात होता. तिचा हात दोऱ्यावरून बॉबिनच्या अंगठ्यापाशी आला. तिथून करंगळीकडे वळला. करंगळीवरून परत अंगठ्याकडे आला. पुन्हा करंगळीकडे. कॅप्टन बाहेर निघाली होती आणि बाहेर काही येत नव्हतं. बऱ्याच फेऱ्या झाल्यावर तिचा हात थांबला. त्याने बॉबिनचा अख्खा पंजा वरून खालून चाचपला, आणि मग बॉबिनचं मनगट असं आवळलं की त्याचे वळ पुढे कितीतरी दिवस होते.

शेवटी पाणमास्तराचा हात आला. तो लडीवर क्षणभर टेकला. त्या हाताला काय वाटलं असेल ते त्यालाच ठाऊक.

मग त्याने भराभर कामं केली. चौघींना खाली दाबून एका सुळक्याला मिठी मारायला लावली, एकमेकींच्या दंडात दंड अडकवले, लडी काढून घेतली, दोरा त्या सुळक्याला बांधला आणि उरलेला घेऊन काळोखात वाट शोधायला निघून गेला.

ते थांबणं वाईट होतं. हालचाल नाही, बोलणं नाही. हवा दाखवणाऱ्या काट्याचा हिरवट ठिपका गाळातून दिसायचा, पुन्हा बुजायचा, आणि दिसेल तेव्हा खाली आलेला असायचा. बॉबिनच्या उजव्या दंडात कुणीतरी थरथरत होतं. डाव्या दंडातही कुणीतरी थरथरत होतं. आपलीच थरथर या बिचाऱ्यांना लागतेय, असं तिला वाटलं. तो परत आलाच नाही तर? या तिघींची घरं, मुलं, दवाखाना, आणि हे सगळं आपल्या दोन बोटांनी गुंडाळून टाकलं. तिला रडायचं होतं, पण पाण्यातल्या चष्म्याच्या आत रडून उपयोग नव्हता.

सुळक्याला बांधलेला दोरा ताणला गेला. एक हिसका बसला, मग दुसरा.

चौघी त्या दोऱ्यावर अशा तुटून पडल्या की पुढे मागे कोण हे ठरायच्या आत गाळ विरळ झाला, हिरवं दिसलं, निळं दिसलं, आणि डोकी उन्हात आली.

लाकडी फळीवर चौघी ओळीने बसल्या. पाणमास्तराने लडी हातात घेतली आणि हळू आवाजात विचारलं, "दोरा कुणी गोळा केला?"

"मी," बॉबिन म्हणाली.

"का ताई?"

"सैल होता."

तो खाली बसला. "दोऱ्यात अडकलेली माणसं पाहिली मी. दोरा तोडणारी पाहिली. पण..." त्याने लडी फिरवून पाहिली. कुठेही गाठ नव्हती. "उद्याची बुडी रद्द. मला झेपणार नाही." आणि तो नळकांडी उचलून जिन्याकडे गेला.

बॉबिन मांडीवर हात ठेवून रडायला लागली. "बघा, उद्याचंही घालवलं मी. इथून पुढे मला विचारू नका गं. तुमच्या तुम्ही जा. माझ्यापायी तुमचं जग बघायचं राहिलं."

कॅप्टन एकदम फुटली. "अगं भवाने, तू हो कशाला म्हणालीस?"

"आँ?"

"तुला काय वाटलं, मला यायचं होतं या जबड्यात? तू नाही म्हणशील म्हणून मी सुचवलं! आजवर प्रत्येक वेळी म्हणालीस. याच वेळी काय शौर्य संचारलं तुला?"

"फुग्यातून जायचं ठरलं होतं तेव्हा माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता," वकीलबाई टॉवेलमधून म्हणाली. "तू नाही म्हणालीस आणि त्या रात्री मी घोरले. नवऱ्याला उठवावं लागलं मला."

डॉक्टरीण म्हणाली, "मी तर बर्फाच्या वेळी पेशंटचा भलताच दात काढणार होते. तुझा नकार कळला म्हणून त्याचा दात वाचला."

बॉबिन नाक पुसायची थांबली. "मग तुम्ही स्वतः का नाही नाही म्हणालात?"

"मी कशी म्हणणार? मी कॅप्टन!"

"कॅप्टन हो म्हणाली म्हणून मी हो म्हटलं," डॉक्टरीण म्हणाली.

"आणि या दोघींसमोर मी माघार घेऊ? कोर्टात तोंड दाखवायला जागा राहिली असती का मला?" वकीलबाई म्हणाली. "आपल्यात नाही म्हणायचं काम तुझं आहे, बॉबिन. इतकी वर्षं चोख केलंस."

वरून पाणमास्तर चहाच्या कपबशा घेऊन आला. लोकांशी दोन शब्द गोड बोलावेत एवढं त्याला धंद्याने शिकवलं होतं. "मग ताई, पुढच्या वर्षी काय बेत?"

"विमानातून उडी मारायची!" कॅप्टन म्हणाली. तोंडाला सवयच तशी. तिचं तिलाच कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"वा!" वकीलबाई म्हणाली.

"मस्तच," डॉक्टरीण म्हणाली.

आणि तिघींनी मान वळवून बॉबिनकडे पाहिलं. पाणमास्तरासमोर काही बोलायची सोय नव्हती. सहा डोळे नुसते टकमक बघत होते.

बॉबिनने केसांतलं पाणी पिळलं. वेणी सोडली, पुन्हा सावकाश घातली. कप उचलला, फुंकर मारली, एक घोट घेतला.

"बघू," ती म्हणाली. "विचार करून सांगते."

उरलेल्या तिघींचे कप हिंदकळले आणि तिन्ही बशा चहाने भरल्या.